तेलावरच्या घरगुती बॉयलरची लाइन: नवी टाकी, जुनी नळी आणि फायर व्हॉल्व्हचा घोळ

गारठलेला_गडी:
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. घरात गॅसची लाइन नाही, त्यामुळे खोल्या गरम ठेवायला आणि अंघोळीच्या पाण्याला केरोसीनवरचा बॉयलर आहे. 20 किलोवॅटचा, प्रेशर जेट बर्नर (पंपाच्या दाबाने नोझलच्या बारीक छिद्रातून तेल फवारून जाळणारा). जुनी एकेरी भिंतीची टाकी तळाशी पाझरायला लागली म्हणून काढायचीय. नवी, दुहेरी भिंतीची टाकी अंगणाच्या खालच्या अंगाला बसेल, जागाच तिथे आहे. आजवर टाकी वर होती, तेल आपसूक उतरायचं. आता टाकीचा तळ बर्नरच्या पंपापेक्षा दीडेक मीटर खाली जाणार, आणि तेलाची नळी टाकीच्या वरच्या बाजूने निघणार. नळीची लांबी साधारण 18 मीटर.

फिटर म्हणतो, पुरलेली 10 मिमीची तांब्याची नळी आहे तशीच वापरू, शेजारून परतीची दुसरी नळी टाकू आणि विषय संपवू. फायर व्हॉल्व्ह बॉयलरच्या खोलीत, बर्नरपासून हातभर अंतरावर आहे. तोही 'आहे ना, मग कशाला हलवायचा' या सदरात. मला यातलं फारसं कळत नाही, पण घरात ज्योत आणि बाहेर हजार लिटर तेल म्हटल्यावर 'आहे ना' एवढ्यावर झोप लागत नाही.

पाना_पक्कड:
फायर व्हॉल्व्हपासून सुरुवात करू, बाकीचं नंतर.

हा व्हॉल्व्ह आग विझवत नाही, आगीला तेल मिळू देत नाही. त्यामुळे तो आगीच्या खोलीत असून चालत नाही. समजा बर्नरपाशी पेट घेतला आणि खोलीतला पाइपचा सांधा सुटला. तो सांधा व्हॉल्व्हच्या अलीकडे, म्हणजे टाकीकडच्या बाजूला असेल, तर व्हॉल्व्ह इमानेइतबारे बंद होईल आणि तेल त्याच्या आधीच्या सांध्यातून खोलीत येत राहील. म्हणून व्हॉल्व्हचं धड भिंतीच्या बाहेर, नळी घरात शिरते त्याच्या आधी, आणि फक्त त्याचा सेन्सर आत, बॉयलरच्या कव्हरमध्ये बर्नरच्या वर. दोघांना जोडणारी केसासारखी बारीक तांब्याची नळी असते, कॅपिलरी. ती वेगवेगळ्या लांबीत मिळते, लागेल तेवढी घ्यायची. उरलेली मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून भिंतीला धरायची. कापायची नाही आणि कुठे मोडही पडू द्यायचा नाही, कारण तिच्या आतल्या द्रवावरच सगळं चालतं.

जुन्या घरांत बर्नरच्या तोंडाशी गोल चाकाचा, वितळणाऱ्या कडीचा व्हॉल्व्ह दिसतो. तुमचा बहुतेक तोच असणार. नसण्यापेक्षा बरा, एवढंच.

थेंबभर:
हा धागा वाचून बॉयलरच्या मागे टॉर्च मारून आलो. धूळ, एक मेलेली पाल आणि एक पितळी बोंडूक सापडलं. बोंडकावर 65 असं काहीतरी कोरलंय. हेच का ते?

पाना_पक्कड:
@थेंबभर, बोंडकातून बारीक नळी निघून भिंतीबाहेर जात असेल तर हेच. आकडा म्हणजे किती अंश सेल्सिअसला व्हॉल्व्ह पडतो ते. साधारणपणे 65 च्या आसपासचे बसवतात. बॉयलरचं कव्हर आतून मुळातच फार तापत असेल तर 90 च्या आसपासचा घ्यावा लागतो, नाहीतर कडक थंडीत बॉयलर तासन्‌तास चालला की काही कारण नसताना तेल बंद. उत्पादकाने बॉयलरच्या पुस्तिकेत कुठला आकडा दिलाय तो पाहायचा, दुकानात जो शिल्लक आहे तो नव्हे.

आणि पालीला आधी बाहेर काढा. बर्नरच्या पंख्यात अशा गोष्टी गेलेल्या पाहिल्यात.

शेकोटी:
पाना_पक्कड दादांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालते. वार्षिक सर्व्हिसिंगला येणारा माणूस नोझल बदलतो, धूर तपासतो, कागदावर सही घेतो आणि फायर व्हॉल्व्हला हातही लावत नाही. सेन्सर क्लिपमधून काढून त्याच्या आकड्यापेक्षा गरम पाण्यात बुडवायला सांगा. बाहेर व्हॉल्व्ह खटकन पडल्याचा आवाज आला पाहिजे. मग सेन्सर गार होऊ द्यायचा आणि व्हॉल्व्हवरचं बटण दाबून पूर्ववत करायचा. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे पहिल्यांदा हे करायला लावलं तेव्हा आवाज आला नाही. सेन्सर कधीतरी क्लिपमधून निसटून खाली जमिनीवर लोळत होता. आग वरच्या बाजूला तापणार आणि हा खाली गारठलेला. असा असण्याचा उपयोग शून्य.

दुपदरी:
दोन नळ्यांच्या पद्धतीला इथे आल्या आल्या झोडपतील असं दिसतंय, म्हणून आधीच बोलतो. टाकी खाली असेल तर दोन नळ्या ही जुनी, चालून सिद्ध झालेली पद्धत आहे. पंप तेल ओढतो, नोझलला लागेल तेवढं घेतो, उरलेलं हवेसकट परत टाकीत. हवा आपोआप निघून जाते. फिटर काही चुकीचं सांगत नाहीये.

पाना_पक्कड:
चुकीचं सांगत नाहीये, मान्य. चालेल का, तर चालेल. हिशेबच करू.

20 किलोवॅटचा बॉयलर 90 टक्के कार्यक्षमतेने चालला तर तेलातून 22 किलोवॅटच्या आसपास लागतात. केरोसीनच्या लिटरमध्ये ढोबळमानाने 10 किलोवॅट-तास. म्हणजे पूर्ण ताकदीने चालताना ताशी सव्वादोन लिटर. बर्नरचा पंप मात्र ताशी 40-50 लिटर फिरवू शकतो. दोन नळ्यांच्या पद्धतीत हे सगळं 40-50 लिटर टाकीपासून घरापर्यंत आणि घरापासून टाकीपर्यंत, बर्नर चालू आहे तोवर, घुमत राहतं, तेही दोन लिटरांसाठी.

आता ओढ किती पडते ते पाहा. केरोसीन पाण्यापेक्षा हलकं, घनता 0.8 धरली तर दर मीटर उंचीला साधारण 0.08 बार. टाकी रिकामी होत आली की दीड मीटरला 0.12 बार. 10 मिमी नळीत, 18 मीटरला, एवढ्या प्रवाहाचं घर्षण त्याच्या निम्म्याहूनही कमी. पंपाच्या तोंडाशी 0.4 बारपेक्षा जास्त निर्वात नको, कारण त्याच्या पुढे तेलात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटायला लागते. तुम्ही त्याच्या बरेच आत आहात. तेव्हा पंपाच्या बाजूने हरकत नाही.

माझी हरकत परतीच्या नळीला आहे. ओढणारी नळी फुटली तर पंप हवा खातो, ज्योत विझते, बॉयलर बंद पडतो, तुम्हाला कळतं. परतीची नळी जमिनीखाली फुटली तर बर्नर मजेत चालू राहतो आणि ताशी चाळीसेक लिटर तेल मातीत जातं. टाकी का रिकामी झाली याचा शोध लागेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

दुपदरी:
परतीच्या नळीचा मुद्दा बिनतोड आहे. मग पर्याय डीएरेटरच ना?

पाना_पक्कड:
हो, डीएरेटर. भांड्यासारखी छोटी वस्तू, बाहेरच्या भिंतीला लावायची. टाकीपासून तिथवर एकच नळी. तिथून बर्नरपर्यंत दोन आखूड नळ्या. पंपाने परत पाठवलेलं तेल टाकीत न जाता या भांड्यात येतं, त्यातली हवा वरच्या छिद्रातून निघून जाते आणि तेच तेल पुन्हा बर्नरला. टाकीकडून फक्त जळलेल्या तेलाची भरपाई होते, म्हणजे ताशी तेच सव्वादोन लिटर. लांब नळीतून एवढं कमी तेल वाहिलं की घर्षण नगण्य.

ते बाहेरच का, तर त्या छिद्रातून तेलाची वाफ येते. घरात लावलं तर स्वयंपाकघरापर्यंत वास. उभंच लावायचं, छिद्र वर. रणरणत्या उन्हात नको. भांडं, फायर व्हॉल्व्ह आणि नळ्या कुठल्या क्रमाने याची आकृती उत्पादकाच्या पत्रकात असते, ती फिटरसमोर धरा. तपासताना एकच विचारायचं: घराच्या आत आग लागली तर आत जाणाऱ्या दोन्ही नळ्यांतून आत तेल येणं थांबतं का? पुरवठ्यावर फायर व्हॉल्व्ह, आणि परतीवर फक्त बाहेरच्या दिशेने उघडणारा नॉन-रिटर्न. परतीवर साधा कॉक नको. कुणी अजाणता तो बंद केला की पंपाचं सील गेलं.

रात्रपाळी:
इथे एक गोष्ट राहतेय, आणि ती राहिली की नवाकोरा पंप पहिल्याच दिवशी गळतो. पंपात एक बारीकसा बायपास स्क्रू असतो. एक नळी थेट पंपाला असेल तर तो काढलेला असावा लागतो, म्हणजे जास्तीचं तेल पंपाच्या आतल्या आत फिरतं. दोन नळ्या किंवा डीएरेटर असेल तर तो बसवलेला हवा, म्हणजे तेल परतीच्या नळीतून जातं. गडीभाऊंचा बॉयलर आजवर वरच्या टाकीवर एका नळीने चालत होता. म्हणजे स्क्रू आता काढलेला असणार. डीएरेटर लावून तो तसाच ठेवला तर परतीत काही येणारच नाही, आणि डीएरेटर म्हणजे भिंतीवरची शोभेची वस्तू. उलट चूक त्याहून वाईट: स्क्रू आत आणि परतीची नळी बंद, म्हणजे दाब शाफ्टच्या सीलवर आणि तेल बर्नरच्या मोटरवर.

फिटरला नुसतं विचारा, 'बायपास स्क्रूचं काय केलंत?' उत्तर यायला वेळ लागला तर काय समजायचं ते समजा.

गारठलेला_गडी:
बापरे. विचारलं. बराच वेळ लागला.

पाना_पक्कड दादा, जुन्या पुरलेल्या नळीचं काय? बाहेरून कुठे तेलाचा थेंब दिसत नाही, म्हणजे धड असावी असं फिटर म्हणतो.

रात्रपाळी:
टाकी वर होती तोवर थेंब न दिसणं हा पुरावा होता, तोही दिसणाऱ्या भागापुरता. टाकी खाली गेली की नळीत दाब नाही, ओढ आहे. आता सुईच्या टोकाएवढ्या फटीतून तेल बाहेर येणार नाही, हवा आत जाईल. बाहेर कोरडं ठणठणीत आणि बॉयलर आठवड्यातून दोनदा बंद. हवेच्या गळतीमागे माणसं महिनोन्‌महिने फिरतात, नोझल बदलतात, ज्योत पेटली का ते पाहणारा फोटोसेल बदलतात, पंप बदलतात. आणि दोष कुठल्यातरी खड्ड्यात गाडलेल्या सांध्यात.

शेकोटी:
आणि अशा वेळी घरोघरी काय होतं सांगू? लाल बटण. बॉयलर बंद पडला, दाबा बटण. पेटला नाही, पुन्हा दाबा. प्रत्येक प्रयत्नात नोझल थोडं तेल फवारतं आणि ते भट्टीच्या तळाशी साचतं. पाचव्या-सहाव्या वेळी जेव्हा पेटतं तेव्हा साचलेलं सगळं एकदम पेटतं. धाडकन आवाज, पुढचं कव्हर हललेलं, खोलीभर काजळी. दोनदा दाबून पेटलं नाही तर हात मागे घ्यायचा आणि माणूस बोलवायचा. आमच्या घरी बटणाशेजारी मी हे मार्करने लिहून ठेवलंय, सासूबाईंसकट सगळ्यांसाठी.

पाना_पक्कड:
शेकोटीताई, मार्करची कल्पना उचलतोय.

गडीभाऊ, नळी नवीन टाका. जमिनीखाली सांधा नको, अखंड गुंडाळीतून 18 मीटर येते. तांबंच घ्यायचं तर कारखान्यातूनच प्लास्टिकचं आवरण आलेलं, कारण सिमेंट आणि माती उघडं तांबं खाते. तेलासाठी म्हणून बनवलेली प्लास्टिकची नळीही मिळते, पण ती फक्त जमिनीखाली. वर यायच्या आधी धातूवर बदलायची, ऊन आणि आग दोन्ही तिला चालत नाहीत. चराची खोली 450 मिमी तरी असावी, आणि नळीच्या वरच्या मातीत धोक्याची पट्टी पुरावी, म्हणजे पुढे कुणी झाड लावायला कुदळ मारली तर आधी पट्टी लागेल. भिंतीतून जाताना नळीवरून मोठ्या पाइपची बाही हवी, सरळ सिमेंटमध्ये चिणायची नाही.

जमिनीवरचे सांधे फ्लेअरचे. म्हणजे नळीचं तोंड हत्याराने फुलवून शंकूवर बसवायचं. कथिलाचं झाळकाम नको, आगीत सर्वात आधी तेच वितळणार. जस्ताचा मुलामा दिलेले फिटिंगही नकोत, केरोसीनचं जस्ताशी पटत नाही आणि त्याचा गाळ शेवटी नोझलमध्ये जातो.

थेंबभर:
आणि टेफ्लॉन टेप? आमच्याकडे तर पाण्याच्या नळापासून सगळीकडे तोच.

पाना_पक्कड:
तेलाच्या लाइनवर टेफ्लॉन टेप नाही. त्याचे तंतू सुटतात, आत जातात, फिल्टर चुकवतात आणि नोझलच्या छिद्रात अडकतात, आणि ते छिद्र मुळात मिलिमीटरच्या लहानशा अंशाचं. फवारा वाकडा झाला की ज्योत एका बाजूला, काजळी दुसऱ्या बाजूला. जिथे आटे आहेत तिथे तेलाला चालणारा लेप, तोही फक्त बाहेरच्या आट्यांवर, पहिले दोन आटे सोडून.

दुपदरी:
टेपच्या बाबतीत मी इतका कडवा नाही. नीट गुंडाळला तर मी वर्षानुवर्षं चाललेला पाहिलाय.

पाना_पक्कड:
नीट गुंडाळणाऱ्या माणसावर माझा विश्वास आहे. त्याच्यानंतर येऊन तोच सांधा उघडून, जुन्या टेपवर नवा गुंडाळणाऱ्यावर नाही.

ओली_माती:
सगळे घरातल्या आगीबद्दल बोलताहेत, मी अंगणाबद्दल बोलते. तेल मातीत गेलं की परत येत नाही. लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट: पिण्याच्या पाण्याचा प्लास्टिकचा पाइप त्या मातीतून जात असेल तर केरोसीन पाइपच्या भिंतीतून आत शिरतं. पाइप फुटलेला नसतो, तरी नळाच्या पाण्याला वास येतो. मग पाइप बदला, माती उपसून न्या, तीही साध्या राडारोड्यात टाकता येत नाही. तेव्हा चर खणण्याआधी पाण्याचा पाइप कुठून जातो ते पाहा आणि तेलाची नळी त्यापासून लांब ठेवा.

दुहेरी टाकी घेताय हे उत्तम. बाहेरच्या कवचात आतल्या टाकीच्या 110 टक्के तेल मावलं पाहिजे, हा त्यातला नेहमीचा निकष. जवळ विहीर किंवा बोअर असेल, किंवा तेल वाहून गटारात जाऊ शकत असेल, तर एकेरी टाकीचा विचारही नको. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं विहीर-बोअरपासून 50 मीटर आणि ओढा-नदीपासून 10 मीटर असे आकडे धरतात. आपापल्या ठिकाणचा नियम पाहावा, पण अंदाज म्हणून हे आकडे डोक्यात ठेवायला हरकत नाही. टाकी सपाट, न जळणाऱ्या फरशीवर किंवा काँक्रीटवर, आणि तो पाया टाकीच्या कडेबाहेर 300 मिमी तरी पुढे. लाकडी फळ्यांवर किंवा चार विटांवर टाकी ठेवलेली मी पाहिलीय. प्लास्टिकची टाकी खालून पूर्ण टेकलेली नसेल तर उन्हाळ्यात वाकते आणि हिवाळ्यात तडकते.

आणि तेल मोजायची ती काचनळी नकोच. घ्यायचीच तर बटण दाबल्याशिवाय तेल न सोडणाऱ्या कॉकसह.

अवांतर: टँकरवाल्याला टाकी काठोकाठ भरू देऊ नका. तेल उन्हात फुगतं. 95 टक्क्यांवर थांबलेलं बरं.

रात्रपाळी:
+1. दवाचं पाणी साचतं तेही तळाशीच. टाकीतून नळी निघते तिथे शटऑफ कॉक आणि त्याला लागून पाण्याची वाटी असलेला फिल्टर हवा. टाकी वरून ओढणारी असेल तर ओढनळीचं टोक तळाला टेकवायचं नाही, थोडं वर ठेवायचं. नाहीतर फिल्टरच्या वाटीत पाणी जमतं, कडाक्याच्या थंडीत गोठतं आणि वाटी फुटते. पहाटे बॉयलर बंद आणि लोक केरोसीन गोठलं म्हणून बोंब मारतात. केरोसीन इतक्यात गोठत नाही, गोठतं ते पाणी. डिझेलच्या जातीचं जड तेल असेल तर गोष्ट वेगळी, ते गारठ्यात मेण धरतं.

गारठलेला_गडी:
सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या फिटरला बोलावलं. त्याने आल्या आल्या बायपास स्क्रूचा विषय स्वतःहून काढला, तिथेच निम्मा निर्णय झाला. ठरलं ते असं: नवी अखंड नळी, डीएरेटर बाहेरच्या भिंतीला, फायर व्हॉल्व्ह बाहेर, सेन्सर बर्नरच्या वर. बर्नरला जोडणारी लवचिक नळी बॉयलरच्या कव्हरबाहेर येणार नाही आणि दर सर्व्हिसिंगला बदलायची, असं तो म्हणाला. पाण्याचा पाइप चराच्या वाटेतच निघाला, म्हणून चर वळवला.

आता दोन शंका. चाचणी कशी करून घ्यायची? आणि जुनी पुरलेली नळी तशीच जमिनीत राहू द्यावी का?

पाना_पक्कड:
चाचणी दोन टप्प्यांत. चर बुजवायच्या आधी नळीत हवा भरून दाब धरतो का ते पाहायचं. टाकी, फिल्टर, डीएरेटर आणि पंप त्यावेळी सोडवलेले हवेत. त्यांना तो दाब सोसत नाही, टाकीला तर अजिबातच नाही. सांध्यांवर साबणाचं पाणी. गेजचा काटा हलला तर तापमान बदललंय का ते आधी बघा. ऊन पडलं किंवा गेलं तरी काटा फिरतो, मग उगाच सगळे सांधे आवळत बसू नका. दुसरा टप्पा बॉयलर चालू असताना: पंपाच्या तोंडाशी निर्वात गेज लावून आकडा घ्यायचा आणि लिहून ठेवायचा. तुमच्याकडे टाकी रिकामी होत आलेली असताना 0.1 ते 0.2 बारच्या दरम्यान यायला हवा, भरलेली असताना त्याहून कमी. पुढच्या वर्षी तो वाढलेला दिसला तर फिल्टर तुंबतोय, एकदम शून्याकडे आला तर कुठेतरी हवा शिरतेय.

जुनी नळी काढता आली तर काढा. नाही निघाली तर आतलं तेल पूर्ण उपसून, फुंकून, दोन्ही टोकं धातूच्या बुचाने बंद करा. नुसती दाबून दुमडून ठेवू नका. आणि ती कुठून कुठे जाते याचा फोटो काढून बॉयलरच्या पुस्तिकेत ठेवा.

थेंबभर:
पाल काढली. आमचा सेन्सरही क्लिपमध्ये नव्हता.